गुणाजी घाडीचे जंतू

गुणाजी घाडी आमच्या कॉलेजात आला तो १९८८ च्या जूनमध्ये. परळच्या त्या कॉलेजात मी स्टोअर सांभाळत असे. काचेची भांडी, रसायनं, स्पिरिट, फिल्टरपेपर, सगळं माझ्या खिडकीतून बाहेर पडायचं. नवा शिपाई लागला की पहिल्या दिवशी तो डस्टर आणि साबण न्यायला माझ्याकडे यायचाच. गुणाजीने दोन्ही घेतलं आणि जाता जाता थांबला.

"भाऊ, त्या कोपऱ्यातल्या पिंपात काय आहे? आंबलंय ते."

पिंपात स्टार्च होता. झाकण घट्ट होतं आणि मला कसलाही वास येत नव्हता. तरी उघडून पाहिलं, तर कडेला ओल लागून राखाडी बुरशी धरलेली.

"तेवीस वर्षं सायझिंगला होतो," तो म्हणाला. जणू एवढ्याने सगळा खुलासा झाला.

सायझिंग म्हणजे गिरणीतलं खळीचं खातं. सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजतात, नाही तर ते पटापट तुटतं. मक्याचा, चिंचोक्याचा स्टार्च मोठ्या टाकीत शिजवायचा, त्यात चरबी घालायची, आणि ती खळ नासू द्यायची नाही. गुणाजी टाकीवर होता. खळ बिघडायच्या दोन तास आधी त्याला वासावरून कळे म्हणत. बिघडलेली आणि उरलेली खळ मागच्या गटारात सोडून द्यायची, हेही त्याचंच काम.

१९८२ च्या जानेवारीत संप झाला तेव्हा तो पहिल्या पाळीला होता. टाकीत ताजी खळ होती. दहा-पंधरा दिवसांत परत यायचंच आहे, अशा हिशेबाने सगळे बाहेर पडले आणि टाकी तशीच भरलेली राहिली. ही गोष्ट त्याने मला पुढे निदान दहा वेळा सांगितली. संपाबद्दल, मोर्च्यांबद्दल तो क्वचितच बोलायचा, पण टाकी धुतली नाही हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

घोडपदेवला चाळीत त्याची एक खोली होती. बायको शेवंता आणि सहा वर्षांची मुलगी मंजुळा. त्या मे महिन्यात त्याने दोघींना गावी, कणकवलीच्या पुढे, पाठवलं. संप मिटला की आणू म्हणून. संप कुणी मिटवला नाही, तो नुसता विरत गेला. गिरणी पुढे अर्धीमुर्धी चालू झाली, पण सायझिंग उघडलंच नाही. गावी गुणाजीच्या बापाने अंथरूण धरलं, त्याचं करायला शेवंता राहिली. मग शेत तिच्याच अंगावर आलं. मग मंजुळाची शाळा. गुणाजी इथे गोदीत हमाली, कुठे रखवाली, पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करणं असं काय काय करत राहिला. पहिली दोन वर्षं तो पत्रातून "लवकरच नेतो" असं कळवायचा. तिसऱ्या वर्षी ते वाक्य पत्रातून गेलं. तिने विचारलं नाही, त्यानेही पुन्हा लिहिलं नाही. भांडण असं कधीच झालं नाही.

शेजाऱ्याच्या ओळखीने कॉलेजात चिकटला तेव्हा त्याच्या एकट्याच्या संसाराला सहा वर्षं झाली होती.

त्याला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिलं. तिथल्या प्रमुख सरोजिनी गुप्ते. गिरगावात म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या, लग्न केलं नव्हतं, पन्नाशीच्या होत्या. बोलणं कमी आणि तेही काटेकोर. मीही गिरगावचा, त्यामुळे मला नावाने हाक मारायच्या, पण गिरगावच्या गप्पा कधी मारल्या नाहीत. त्यांचा एक प्रकल्प नुकताच मंजूर झाला होता. काही जंतू असे असतात की खायला भरपूर मिळालं आणि दुसरं काहीतरी कमी पडलं, की ते खाल्लेलं अंगात साठवून ठेवतात. आपण चरबी साठवतो तसं. फक्त त्यांची ही चरबी म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक असतं. ते काढून त्याचा पापुद्रा करता येतो आणि मातीत पुरला तर मातीतलेच दुसरे जंतू तो खाऊन टाकतात. बाहेर हे काम साखरेवर चाललं होतं. बाईंना ते उष्ट्या भातावर, पेजेवर, फुकट जाणाऱ्या अन्नावर करायचं होतं. त्यासाठी स्टार्च थेट पचवणारा आणि शिवाय साठा करणारा जंतू हवा होता.

एकदा त्या माझ्या खिडकीशी उभ्या राहून वैतागून म्हणाल्या, "गंगाधर, दहा ठिकाणची माती आणली. एकही धड निघत नाही. वर्षानुवर्षं स्टार्च पडत आलाय अशी जागा शोधू कुठे?"

गुणाजी मागे बाटल्या पुसत होता. तो म्हणाला, "बाई, मी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लोअर परळला गेली. गेटवर दौलत होता. पूर्वी गुणाजीबरोबर सायझिंगलाच होता, आता बंद खात्यांवर रखवालदार. त्याने बाईंच्या सुती साडीकडे आणि हातातल्या बाटल्यांच्या पिशवीकडे पाहिलं.

"काय नेताय?"

"गटारातला गाळ," गुणाजी म्हणाला.

"ने की. तेवढाच राहिलाय," दौलत म्हणाला आणि त्याने कुलूप काढलं.

हे मला पुढे बाईंनी सांगितलं. आत यंत्रं नव्हती, नुसते पायाचे चौथरे. टाकी मात्र जागेवर होती. तिच्यातली खळ सुकून काळी, झाडाच्या सालीसारखी झालेली, भेगा पडलेली. गुणाजी तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्याने नखाने एक तुकडा काढला, हुंगला, परत आत टाकला. बाई दाराशीच थांबल्या. "मला वाटलं, आपण दुसऱ्याच्या घरात शिरलोय," त्या म्हणाल्या. मग तो मागच्या दाराने गटारापाशी गेला आणि पाच ठिकाणचा गाळ भरून घेतला. कुठे गरम पाणी पडायचं, कुठे चरबी साचायची, कुठे नुसती खळ, हे तो सांगत होता आणि बाई बाटल्यांवर लिहीत होत्या.

त्या गाळातून बाईंनी महिनाभर एकेक जंतू वेगळा केला. चौदाव्याला त्यांनी काळा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि हाक मारली, "घाडी, इकडे या."

गुणाजीला एक डोळा मिटून पाहायची सवय नव्हती. त्याने हाताने डोळा झाकून घेतला. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाला, "शेंगेत दाणे भरावेत तसं दिसतंय."

"ते दाणे म्हणजेच प्लास्टिक."

"आमच्या गटारातलं?"

"तुमच्याच."

त्या जंतूला बाईंनी एस-१४ असं नाव दिलं. लांबलचक लॅटिन नावही पुढे शोधलं, पण आमच्यात तो एस-१४च राहिला.

पुढची चार वर्षं गुणाजीची बरी गेली. मी त्याला आनंदी म्हणणार नाही, पण त्याला सकाळी जायला एक ठिकाण होतं. लोअर परळला शांताबाईंची खाणावळ होती. एके काळी तिथे गिरणीच्या तिन्ही पाळ्यांची माणसं जेवायची. आता बँकेतली, कुरिअरची पोरं यायची. गुणाजी रोज दुपारी दुधाचा कॅन घेऊन जायचा, उरलेला भात आणि पेज आणायचा.

"माझ्या भाताच्या बरण्या होणार म्हणे," शांताबाई पहिल्यांदा हसल्या होत्या. मग एकदा गंभीर होऊन म्हणाल्या, "घाडीभाऊ, माणसं कमी झाली तेव्हा किती भात मी गटारात ओतलाय. तेव्हा का नाही आलात?" मग मात्र त्या त्याच्यासाठी पेज वेगळी झाकून ठेवू लागल्या.

भात दळायचा, पातळ करायचा, उकळून निर्जंतुक करायचा, मग त्यात एस-१४ सोडायचा आणि तीन दिवस ढवळत ठेवायचं. परका जंतू शिरला की सगळा घाणा फुकट. बाई नमुना काढून तपासायच्या, पण त्याआधीच गुणाजी दाराशी नाक वर करून सांगायचा, "तीन नंबर गेला." तो चुकला असं एकदाच झालं, आणि त्या दिवशी त्याला सर्दी होती.

पहिला पापुद्रा १९९० च्या पावसाळ्यात निघाला. तळहाताएवढा, पांढुरका, वाळलेल्या फेणीसारखा. बाईंनी तो उजेडात धरला. वाकवायला गेल्या तर कडकन मोडला. त्या हिरमुसल्या. गुणाजी म्हणाला, "बाई, खळीत आम्ही चरबी का घालायचो? सूत मऊ राहायला. ह्यातही काहीतरी मऊ घालायला पाहिजे." हे बाईंना ठाऊक होतंच, पुस्तकात होतं. पण त्या "बरोबर" म्हणाल्या आणि त्या दिवसापासून काय काय घालून पाहिलं ते त्याला सांगू लागल्या. सातव्या प्रयत्नात पापुद्रा वाकला. त्याचा एक तुकडा त्यांनी गच्चीतल्या कुंडीत पुरला. गुणाजी रोज पाणी घालायचा. तीन महिन्यांनी माती उपसली तर तुकडा नव्हता. बाईंनी चाळणीने माती चाळली, पुन्हा चाळली आणि मग कधी नव्हे ते मोठ्याने हसल्या.

दिवाळीला तो गावी चार दिवस जायचा. मंजुळा मोठी होत होती आणि त्याला "बाबानू" म्हणायची, पाव्हण्याला म्हणावं तसं. शेवंता त्याच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा घालायची. सगळं रीतसर व्हायचं. पाचव्या दिवशी तो एसटीत बसायचा.

१९९३ मध्ये प्रकल्पाची मुदत संपली आणि वाढवून मिळाली नाही. तपासायला आलेल्या समितीतल्या एका गृहस्थांनी बाईंना सरळ सांगितलं, "मॅडम, काम चांगलं आहे. पण तेलापासूनचं प्लास्टिक ह्याच्या दहापट स्वस्त आहे. तुमचं घेणार कोण?" बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी हारतुरे झाले, मग त्या प्रयोगशाळेत गेल्या आणि गुणाजीला बोलावलं. लाकडी घोडीत बारा नळ्या होत्या. प्रत्येक नळीत तिरप्या थिजवलेल्या खाण्यावर एस-१४ची एक मळकट रेघ.

काही जंतू बीज धरतात आणि खायला नसलं तरी वर्षानुवर्षं पडून राहतात. हा त्यातला नव्हता. पंधरा दिवसांनी त्याला नव्या नळीत हलवावं लागे, नाही तर मरत असे. गुणाजीला ते काम येत होतं. ज्योत, तारेचं टोक लाल करणं, निववणं, एक रेघ उचलून दुसरीकडे ओढणं. त्याचा हात बाईंपेक्षा स्थिर होता.

"घाडी, एवढा सांभाळा," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या कुणीतरी हे काम पुन्हा काढेल. तेव्हा गाळापासून सुरुवात करायला लागू नये."

"होय बाई."

"पंधरा दिवसांनी."

"होय."

पहिली दीड वर्षं बाईंचा महिन्यातून एकदा माझ्या स्टोअरच्या फोनवर फोन यायचा. "गंगाधर, घाडींना द्या." गुणाजी हात पुसून फोन घ्यायचा आणि म्हणायचा, "बारा आहेत बाई. बाराही जिवंत." एवढंच. त्या पलीकडून काय म्हणत ते मला ऐकू येत नसे. मग दोन महिने फोन आला नाही. गुणाजी कामाशिवाय माझ्या खिडकीशी घुटमळू लागला. शेवटी मीच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दार शेजारणीने उघडलं. बाई जाऊन दहा दिवस झाले होते. आई अजून आत होती, तिला अजून नीट समजलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गुणाजीला सांगितलं. ती तारीख नळ्या बदलायची होती. तो आत गेला आणि बदलून आला.

त्यानंतर एस-१४ हे काय आहे ते जगात दोनच माणसांना माहीत होतं असं म्हणायला हरकत नाही, आणि त्यातला मी स्टोअरवाला. प्रयोगशाळेच्या कपाटात बाईंच्या वह्या होत्या, पण त्या कुणी उघडत नव्हतं. नळ्यांतलं खाणं थिजवायला लागणारं आगर मी जुन्या, बाद केलेल्या बाटल्यांच्या तळातून खरवडून देत असे. ते संपल्यावर गुणाजीनेच शोध लावला. लालबागच्या वाण्याकडून त्याने चायना ग्रास आणलं, जेलीला वापरतात ते. भाताच्या पेजेत ते उकळलं आणि नळ्या थिजवल्या. एस-१४ त्याच्यावर झकास वाढला.

"बाईंना सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

१९९७ च्या मे महिन्यात ती प्रयोगशाळा रिकामी करून तिथे संगणकाचा वर्ग काढायचं ठरलं. गुणाजी दोन दिवस तापाने घरी होता. तिसऱ्या दिवशी आला तर खोलीत रंगारी चढलेले. कपाट नाही, घोडी नाही. तो धावत माझ्याकडे आला. त्याला धावताना मी तेव्हाच पाहिलं. मागच्या अंगणात काचेचा ढीग टाकला होता. आम्ही दोघं उन्हात त्या ढिगात बसलो. बोटं कापली. दहा नळ्या फुटलेल्या किंवा कापसाचं बूच निघून गेलेल्या. दोन शाबूत. त्याने त्या सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि वर हात दाबून धरला.

"आता इथे नको," तो म्हणाला.

तेव्हापासून एस-१४ घोडपदेवला राहायला गेला. खोलीत माठाच्या मागे, ओल्या फडक्यात. नव्या नळ्या तो घरच्या कुकरमध्ये शिट्ट्या देऊन निर्जंतुक करायचा. रविवारी सकाळी दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून, स्टोव्हच्या ज्योतीशी बसायचा. शेजारीपाजारी समजत की तो काहीतरी व्रत करतो. त्याने तो समज खोडून काढला नाही. मी एकदा विचारलं, "गुणाजी, हे किती वर्षं?" तो म्हणाला, "भाऊ, एक टाकी तशीच सोडून आलो. ही नाही सोडत."

पुढच्या वर्षी मंजुळाचं लग्न ठरलं आणि तो वीस दिवसांची रजा घेऊन गावी गेला. नळ्या बरोबर नेल्या. दोनाच्या वाढवलेल्या आठ जुन्या आणि आठ कोऱ्या नव्या, स्टीलच्या उभ्या डब्यात, ओल्या पंचात गुंडाळून. तिथे काय झालं ते त्याने मला परत आल्यावर सांगितलं, आणि सांगताना तो आपल्या बोलीत शिरला.

लग्न झालं, मुलगी सासरी गेली, पाव्हणे पांगले. रविवार आला. घरात वारं नसलेली जागा एकच, देवाची खोली. सकाळी त्याने तिथे स्टोव्ह पेटवला. शेवंता दारात येऊन उभी राहिली.

"ह्या काय?"

"जंतू."

"जंतू? लगीनघरात घेवन इलात?"

"पंधरा दिवसांनी खाणा बदलूक लागता. नाय तर मरतत."

ती आत आली आणि पाटावर बसली. त्याने तार लाल केली, निववली, रेघ उचलली. ती श्वाससुद्धा जपून घेत होती. चार नळ्या झाल्यावर म्हणाली, "माका तरी दिसाक नाय काय."

"हो बघ. पिठासारखो पट्टो."

"एवढ्यासाठी तुमी मुंबैत रवलात?"

तो म्हणाला, "तेच्या आधी कित्याक रवलंय, ता माका पण म्हायत नाय."

शेवंताने पुढची नळी उचलून त्याच्या हातात दिली. मग एकेक करून ती देत गेली आणि झालेली घेत गेली. आठवी झाल्यावर ती म्हणाली, "माका कधी असा इचारलात काय, तुझा खाणा बदलूक होया म्हणान?"

गुणाजीने नळ्या डब्यात भरल्या. तो मला म्हणाला, "भाऊ, ती रागाने नाही बोलली हो. सहज बोलली. तेच वाईट." निघताना ती एसटीपर्यंत आली. "आता चेडू सासरी गेला," ती म्हणाली. "मी एकटीच आसंय. जमात तर येवा." तो "बघतंय" म्हणाला. डबा मांडीवर घेऊन बसला होता, त्यामुळे हातही हलवता आला नाही.

तो गेला नाही. मी म्हटलं, "जा की. नळ्या तिकडे ने." तो म्हणायचा, तिकडे चायना ग्रास कुठे मिळणार, आणि बाईंचं कुणी आलं तर ते परळला येणार, कणकवलीला थोडंच. हे खरंही होतं. पण मला वाटतं, त्याला भीती वाटत होती. सोळा वर्षांनी जाऊन त्या घरात बसायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. नळ्या बदलायचं काम त्याला नीट येत होतं.

आणि कुणीतरी आलं. शहरात पातळ पिशव्यांनी गटारं तुंबायला लागली, पेपरात रोज ओरड व्हायला लागली, तसा विषय परत निघाला. २००१ मध्ये आमच्या विभागात डॉक्टर जयवंत राजे नावाचे प्राध्यापक आले, चाळिशीतले. त्यांनी बाईंचा एक जुना निबंध वाचला होता. ते स्टोअरमध्ये येऊन म्हणाले, "एस-१४ नावाचा एक स्ट्रेन इथे होता. आता काही शिल्लक नसणार, पण वह्या तरी असतील का?"

वह्या माझ्याकडेच होत्या. काचेच्या त्या ढिगाशेजारच्या रद्दीतून मी त्या उचलून आणल्या होत्या. मी म्हटलं, "वह्या देतो. आणि जंतू हवा असेल तर उद्या देतो."

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी गुणाजी धुतलेला सदरा घालून आला. त्याने डबा टेबलावर ठेवला आणि एकेक नळी काढली. प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख. राजेंनी एक उचलून उजेडात धरली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"बाई गेल्यापासून. नाही, त्याच्या आधीपासून."

राजेंनी त्याच दुपारी काळा रंग लावला. मी आणि गुणाजी दारात उभे होतो. इतक्या पिढ्या पेजेवर जगलेला जंतू साठा करायचं विसरलेला असू शकतो, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. गुणाजी भिंतीला टेकला होता. राजे बराच वेळ डोळा लावून बसले. मग उठले आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "काका, तुम्हीच बघा."

ह्या वेळी गुणाजीने हाताने डोळा झाकला नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवूनच पाहिलं. "आहेत," तो म्हणाला. "थोडे कमी आहेत. पण आहेत."

पुढच्या महिन्यात राजेंनी एस-१४ गोठवून, सुकवून, काचेच्या छोट्या कुप्यांत बंद करून घेतला. काही कुप्या पुण्याच्या जंतुसंग्रहात पाठवल्या, काही इथे ठेवल्या. ते काम झालं त्या दिवशी त्यांनी गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आता काळजी नाही. वीस वर्षं ह्याला कुणी हात लावला नाही तरी चालेल."

"मग पंधरा दिवसांनी काय करायचं?"

"काही नाही करायचं."

गुणाजी माझ्या स्टोअरमध्ये येऊन स्टुलावर बसला. मी चहा मागवला. तो थंड होईपर्यंत त्याने कपाला हात लावला नाही. "चांगलं झालं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने परत तेच म्हणाला. पुढच्या रविवारी मी मुद्दाम घोडपदेवला गेलो. तो दार-खिडक्या उघड्या टाकून खाटेवर बसला होता. पंखा चालू होता. वर्षानुवर्षं रविवारी सकाळी तो पंखा लावत नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

२००२ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. खोली पुतण्याला दिली आणि गावी गेला. मी चार वर्षांनी, कणकवलीला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा, त्याच्याकडे वाट वाकडी करून गेलो. घर सारवलेलं, नीट होतं. गुणाजी बाहेरच्या पडवीत राहत होता. तिथेच त्याची खाट, तिथेच दोरीवर कपडे. शेवंता शेतातून आली, तिने मला पाणी दिलं, कोंबडीचं जेवण केलं, दोघांना पानं वाढली. त्याच्याशी ती आदराने बोलत होती. ताटातलं संपायच्या आत वाढत होती. मग आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

"तिका माजी सवय नाय," तो हळू आवाजात म्हणाला. "वाईट नाय ती. सवय नाय इतकाच. होईत हळूहळू." चार वर्षं झाली होती.

मी त्याला राजेंच्या कामाची बातमी सांगितली. हॉटेलांच्या उरलेल्या अन्नावर ते रोपांसाठी छोट्या पिशव्या करत होते, रोपासकट मातीत पुरता येतील अशा. अजून महागच पडत होत्या. बाजारात काही आल्या नव्हत्या. त्याने नीट ऐकून घेतलं. अन्न कुठून आणतात, ढवळतं कोण, घाणा नासला तर कसं ओळखतात, असं बारीकसारीक विचारलं. नासलं तर यंत्र सांगतं, असं मी म्हटल्यावर त्याने नुसती मान हलवली.

दुपारी तो मला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आला. डोक्यावर पंचा, पायात रबरी चपला. गाडीला उशीर होता. आम्ही फणसाखाली उभे राहिलो. गाडी वळणावर दिसली तेव्हा तो एकदम म्हणाला, "गंगाधरभाऊ, थय कॉलेजात कोण माजी आठवण काढता?"

राजे दोन वर्षांपूर्वी हे काम घेऊन दुसऱ्या शहरात गेले होते. मी स्वतः निवृत्त झालो होतो. नव्या माणसांना एस-१४ म्हणजे शीतपेटीतल्या एका कप्प्याचा नंबर होता.

"काढतात," मी म्हटलं. "सगळेच काढतात."

त्याने माझी पिशवी वर दिली आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, की पाव्हण्यांना खिडकीची जागा द्या.